खरवडलेला रंग जातो कुठे?



पत्रिकेवर विषय वाचून दोघातिघांनी मला वाटेतच गाठलं. एक जण म्हणाले, "फायबरच्या बोटीच्या बुडाचा जुना रंग काढणे, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? आणि तोही कोरेगाव भीमात? समुद्र कुठाय आपल्याकडं?" प्रश्न रास्त आहे. घाट उतरल्याशिवाय आपल्याला समुद्र दिसत नाही. पण नदी आहे ना? या सभागृहातून बाहेर पडून पुलावर गेलात की खाली भीमा आहे. आणि ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांनीच मला होडीच्या बुडाकडे बघायला शिकवलं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

सातवीत असताना गुरुजींनी आमचा वर्ग सायकलींवरून तुळापूरला नेला. संगमाच्या काठावर बसवलं आणि गोष्ट सांगितली. तुम्हा सगळ्यांना ती ठाऊक आहे. मुरार जगदेवांना हत्तीच्या भाराइतकं दान करायचं होतं. हत्ती मावेल एवढा तराजू आणायचा कुठून? तेव्हा म्हणे शहाजीराजांनी तोड काढली. हत्ती नावेत उभा करा, नाव जिथवर बुडेल तिथं खूण करा, हत्ती उतरवा, त्याच खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरा आणि मग दगड तोला. गोष्ट संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या. गुरुजी मात्र गप्प. मग म्हणाले, "टाळ्या नंतर. ती खूण कशानं केली असेल ते सांगा. पाण्यात धुऊन जाणार नाही असं काय होतं त्यांच्याकडं?"

आम्हाला उत्तर आलं नाही. मला अजूनही येत नाही. पण त्या रेघेनं मला जन्माचं काम दिलं. होडीला एक पाणरेषा असते. तिच्या वरचा रंग लोकांसाठी असतो. त्यावर नाव लिहायचं, हार काढायचा, डोळे रंगवायचे. तिच्या खालचा रंग मात्र कुणी बघत नाही, आणि खरी लढाई तिथंच चालते. आधी सणसवाडीकडच्या एका शेडमध्ये गाड्यांचे फायबरचे भाग काढण्यात, मग कोकणात आणि गोव्यात होड्यांचे साचे भरण्यात आणि जुन्या होड्या घासण्यात माझी तीस वर्षं गेली. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्या रेघेच्या खाली गेलं. हसा, हसा, हरकत नाही.

आता पहिला प्रश्न. रेघेच्या खाली वेगळा रंग लागतोच कशाला?

खाऱ्या पाण्यात कुठलीही वस्तू ठेवा. पहिल्या एकदोन दिवसांत तिच्यावर बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ धरतं, मग बार्नेकल येतात. मुंबईच्या किंवा अलिबागच्या खडकांवर पांढरे, टोकदार, पाय कापणारे खडे चिकटलेले तुम्ही पाहिले असतील. ते खडे नव्हेत, प्राणी आहेत. शिंपल्यासारखे दिसले तरी नात्यानं खेकडा-कोळंबीच्या घरातले. पिल्लू असताना हा जीव पाण्यात मोकळा पोहतो, जागा हेरतो, डोकं टेकतो, डिंक सोडतो आणि जन्मभर तिथंच राहतो. भोवती चुन्याचं घर बांधतो आणि पाय बाहेर काढून त्यांनी अन्न ओढतो. डोकं जमिनीत आणि पाय ताटात! चार्ल्स डार्विननं या प्राण्यावर १८४६ पासून तब्बल आठ वर्षं घालवली. आमच्यासारख्या घासणाऱ्यांनी त्यापेक्षा जास्त घालवली आहेत, फक्त आमच्या नावावर ग्रंथ नाही.

असे हजारो जीव बुडाला धरले की होडी जड होते, पाणी कापत नाही, डिझेल पिते. शर्यतीत काय होतं ते ऐका. २०१८ मध्ये एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची गोल्डन ग्लोब शर्यत झाली. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली 'थुरिया' घेऊन तिच्यात उतरले होते. हिंदी महासागरात वादळानं त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच शर्यतीत फिनलंडचे तापिओ लेहटिनेन होते. त्यांच्या बोटीच्या बुडाला बार्नेकलांचं रान माजलं. जिंकणाऱ्याला २१२ दिवस लागले, लेहटिनेनना ३२२. वारा तोच, समुद्र तोच. फरकाचा मोठा वाटा त्या रेघेच्या खाली चिकटलेला होता.

यावर माणसानं काय काय केलं नाही? डांबर फासलं, चुना आणि तेल कालवून लावलं. मराठा आरमारानं विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीत कातळ फोडून गोदी केली. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की काम करायचं. आजही ती जागा बघायला मिळते. जरूर बघा, किल्ला बघून तसेच परत फिरू नका. इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकला. जीवजंतू लांब राहिले, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले. मग सर हम्फ्री डेव्ही आले. १८२४ मध्ये त्यांनी तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पत्रा झिजायचा थांबवला. शास्त्र शंभर टक्के बरोबर ठरलं. आणि झालं काय? न झिजणाऱ्या पत्र्यावर शेवाळ आणि बार्नेकल पुन्हा दाटून बसले!

कारण तांबं झिजत होतं म्हणूनच बूड स्वच्छ राहत होतं. थोडं थोडं तांबं पाण्यात सुटायचं, ते त्या जीवांना मारायचं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. बुडाचा रंग काम करतो तो झिजून. तो पाण्यात जाण्यासाठीच लावलेला असतो.

तुम्ही म्हणाल, तांबं विषारी कसं? आम्ही तर रात्री तांब्यात पाणी ठेवून सकाळी पितो. आपलं साठ-सत्तर किलोचं शरीर ते पचवतं, सुईच्या टोकाएवढ्या पिल्लाला ते पचत नाही. मात्रेचा आणि देहाचा हिशेब आहे. आज बाजारात मिळणाऱ्या बुडाच्या बहुतेक रंगांत तांब्याचं ऑक्साइड असतं. म्हणून तर तो डबा उचलला की हाताला ओढ बसते. मध्यंतरी तांब्याच्या जोडीला कथिलाची संयुगं आली, टीबीटी म्हणून. अतिशय गुणकारी. इतकी गुणकारी, की फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती उद्ध्वस्त झाली, कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले, आणि किनाऱ्यावरच्या गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सनं १९८२ मध्ये लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. साऱ्या जगाचा करार व्हायला २००१ उजाडलं आणि तो अमलात आला २००८ मध्ये.

इतका इतिहास पुरे. एक मात्र जाता जाता सांगतो. आपल्या गावाचं नाव ज्या लढाईनं इतिहासात गेलं, तिची तारीख १ जानेवारी १८१८. त्याच्या अडीच-पावणेतीन महिने आधी, १२ ऑक्टोबर १८१७ ला, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानी 'त्रिंकोमाली' पाण्यात सोडली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. लाकूड इतकं टिकतं, पण त्याच्या बुडावर किती पिढ्यांनी हात घासले असतील याची मोजदाद नाही.

आता फायबरकडे येऊ. इथं पुढच्या रांगांत बसलेल्या निम्म्या पोरांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण सणसवाडी-रांजणगावच्या शेडांतून ती हेच काम करतात. साच्याला मेण लावायचं, आधी जेलकोट मारायचा, मग काचधाग्याची मॅट, मग रेझिन, मग पुन्हा मॅट. साच्यातून होडी सुटली की चमकतो तो जेलकोट. त्याची जाडी किती? साधारण अर्धा मिलिमीटर. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवा, तेवढी. होडीची अब्रू त्या दोन पोस्टकार्डांत असते. ती शाबूत तोवर पाणी बाहेर.

आणि त्यावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत जातात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेआधी घाईघाईनं एक हात मारायचा आणि समुद्रात लोटायचं. जुना काढायला वेळ कुणाला? दहा वर्षांत दहा थर. मग एके दिवशी पोपडे सुटतात, आणि वर कितीही महाग रंग लावा, तो पोपड्यासकट गळून पडतो. तेव्हा मालक माझ्याकडे यायचा.

सात-आठ वर्षांपूर्वी असाच एक जण आला, पण कोकणातला नाही, आपल्या दौंड-भिगवण पट्ट्यातला. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. या पोरानं रायगडच्या किनाऱ्यावरून एक जुनी फायबरची होडी विकत घेऊन ट्रकवर टाकून आणली होती. बावीस फुटी. बूड लालभडक, जागोजागी फुटलेलं, आणि त्यावर मेलेल्या बार्नेकलांची पांढरी घरं. म्हणाला, "काका, वरून एक हात मारून देता का? पुढच्या आठवड्यात बुकिंग आहेत."

मी म्हटलं, "अरे, गोड्या पाण्यात हा रंग तुला हवाय कशाला?"

तो बघतच राहिला. विकणाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की बुडाला लालच लागतो. मंडळी, बार्नेकल हा खाऱ्या पाण्याचा जीव आहे. उजनीत तो जगत नाही. पूर्वी समुद्रातली जहाजं काही दिवस नदीच्या मुखात, गोड्या पाण्यात आणून ठेवत, म्हणजे चिकटलेले जीव आपोआप मरत. आपल्याकडे येऊन येऊन येणार काय? शेवाळ. ते ओल्या गोणपाटानं निघतं. म्हणजे या होडीवर नवा विषारी रंग लावायचा नव्हता. जुनाच पूर्ण काढायचा होता. तो पोपडा-पोपडा होऊन धरणात सुटत राहण्याआधी.

काम कसं केलं ते सांगतो, कारण याच्यात चुका फार होतात आणि पहिली चूक मी स्वतः केली.

आधी होडी नीट टेकवायची. खाली जुने टायर, बाजूंना लाकडी धिरे, आणि धिरा हलवायचा तर एका वेळी एकच. होडी माणसाच्या अंगावर आली की व्याख्यान द्यायला माणूस उरत नाही. मग खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, चारी बाजूंनी दुमडून परातीसारखं. हे प्लास्टिक सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच सगळे विसरतात.

सैल पोपडे पट्टीनं खरवडायचे. पट्टीचे कोपरे आधी कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर टोक जेलकोटमध्ये रुततं. बार्नेकलांची घरं पट्टी आडवी धरून उडवायची, खाली उरलेली चुन्याची चकती हळूहळू घासायची. अर्धा रंग असाच निघतो. उरतो तो हट्टी अर्धा.

तिथं माझी घाई झाली. बुकिंग आहेत म्हणाला ना पोरगा! मी ग्राइंडरला चाळीस नंबरचा खरखरीत पेपर लावला आणि चालवला. लाल गेला, निळा आला, निळा गेला, काळा आला, छान वाटत होतं. बोटीच्या बुडाचे थर असे उलटे वाचता येतात. कोणत्या मालकानं काय लावलं, कुणी पैसे वाचवले, सगळं दिसतं. आणि वाचता वाचता तळहाताएवढ्या जागेत पांढरे धागे दिसले. काचेचे. मशीन बंद केलं आणि तिथंच खाली बसलो. तीस वर्षं पोरांना शिकवत आलो, 'जेलकोटला हात लावू नका', आणि मीच तो फाडला.

जेलकोट फाटला तर बिघडतं काय? पाणी रेझिनमध्ये शिरतं, आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांत मिसळतं, दाब वाढतो आणि बुडाला फोड येतात. फोड फोडला तर आतून आंबट, शिरक्यासारख्या वासाचं पाणी येतं. होडी लगेच बुडत नाही, आतून सडत जाते.

मग ती जागा सुकवली, इपॉक्सी भरलं, दोन दिवस वाट पाहिली. उरलेलं काम गोल फिरणाऱ्या सँडरनं केलं, त्याला धूळ ओढणारा व्हॅक्यूम जोडून, ऐंशी नंबरच्या पेपरनं आणि हलक्या हातानं. काही चांगले रंगारी पहिला हात मुद्दाम वेगळ्या रंगाचा मारतात, म्हणजे पुढं घासणाऱ्याला तो दिसला की कळतं, आता थांब. कुठल्यातरी अनोळखी रंगाऱ्यानं या होडीवरही तळाशी पिवळा हात मारला होता. तो मला नंतर दिसला. आधी दिसला असता तर! त्यानं मला सांगून ठेवलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

काय करू नये तेही सांगतो. लाकडी होड्यांचा रंग जाळून काढायची जुनी सवय आहे. फायबरला आग दाखवू नका, रेझिन पेटतं आणि धूर छातीत जातो. दुकानात मिळणारं साधं रिमूव्हर लावू नका, ते रंगाबरोबर जेलकोटही मऊ करतं. फायबरसाठीचं वेगळं मिळतं. ते लावून वरून पातळ प्लास्टिकनं झाकलं की थर सुटून येतात. वाळूच्या माऱ्यानं तर दोन पोस्टकार्डांची चाळण होते. आणि तोंडाला रुमाल बांधून घासू नका. रुमाल धुळीला अडवत नाही, मनाची समजूत घालतो. चांगला मास्क लागतो, चष्मा लागतो, पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. आमच्या पिढीनं हे केलं नाही. माझा खोकला तुम्ही मघापासून ऐकता आहात.

पाणी मारून घासलं तर? धूळ उडत नाही, पेपर जास्त टिकतो. पण मग लाल चिखल होतो. आणि तो चिखल...

इथं मी मूळ प्रश्नावर येतो. खरवडलेला रंग जातो कुठे?

किनाऱ्यावर याचं उत्तर मी वर्षानुवर्षं पाहिलं. काम झालं की बादलीभर पाणी मारायचं, लाल ओघळ वाळूतून खाडीत. वर भरती येतेच. जागा स्वच्छ! कुणाला स्वच्छ? त्याच खाडीत बायका कालवं काढतात. होडीवर चिकटणाऱ्या जिवांना मारायला केलेलं विष, न चिकटणाऱ्या आणि आपल्या ताटात येणाऱ्या जिवांना ओळखून सोडत नाही. तांबं हा धातू आहे. तो कुजत नाही, उडून जात नाही, गाळात बसतो. आपण म्हणतो रंग काढला. रंग काढला म्हणजे काय केलं? बोटीवरून उचलून दुसरीकडे ठेवला, एवढंच. गणपतीच्या मूर्तीच्या रंगावर आपण दरवर्षी बोलतो, बोलायलाच हवं. पण होडी घासणाऱ्याच्या बादलीकडे कोण बघतं?

आणि नदीचं तर आणखी अवघड. खाडीला निदान भरती-ओहोटी आहे. आपली भीमा इथून पुढं जाते, रांजणगाव सांडसपाशी पुण्याचं सगळं पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा तिला मिळते, मग दौंड, मग उजनीचं धरण, मग पंढरपूर. तिथं तिलाच चंद्रभागा म्हणतात आणि वारकरी ओंजळीत घेतात. उजनीवर थोपलेलं पाणी गाळ टाकतं, गाळातलं तांबं तिथंच राहतं. रोहित पक्षी त्याच चिखलात चोच घालून खातात, आणि ते बघायला माणसं बसतात या होडीत.

त्या पोराला मी एवढं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "प्लास्टिकवरचं सगळं झाडून गोणीत भर, एक कण खाली सांडायचा नाही." तो हसला, पण भरलं त्यानं. भुकटी, पोपडे, वापरलेले पेपर, मास्कसुद्धा. दोन गोण्या झाल्या. बुडाला आम्ही इपॉक्सीचे दोन हात मारले, वर साधा पांढरा रंग, आणि पाणरेषेवर निळी रेघ. रेघ मी स्वतः ओढली. होडी गेली, अजून चालते आहे, दर हिवाळ्यात तो मला पक्ष्यांचे फोटो पाठवतो.

गोण्या राहिल्या.

घंटागाडीवाल्याला मी खरं सांगितलं, तो म्हणाला, "काका, हे मी घेणार नाही." बरोबरच होतं त्याचं. आपल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावणारं केंद्र आहे, अगदी आपल्या तालुक्यात. पण ती सोय कारखान्यांसाठी. करार, नोंदणी, कागदपत्रं, टनांचा हिशेब. माझ्याकडं दोन गोण्या. चौकशी केली तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी फोनवर विचारलं, "आपल्या कंपनीचं नाव काय?" मी म्हटलं, कंपनी नाही हो, पडवी आहे. ते हसले, मीही हसलो, फोन ठेवला. मोठ्याच्या टनाला वाट आहे, लहानाच्या गोणीला नाही. म्हणून लहान माणूस रात्री बादली घेऊन नदीवर जातो. तो वाईट असतो म्हणून नव्हे.

व्यासपीठावर ग्रामपंचायतीची मंडळी बसली आहेत, तालुक्याचे पदाधिकारी आहेत. गॅरेजवाला, रंगारी, बॅटरीवाला, माझ्यासारखा होडी घासणारा, अशा सगळ्यांची पाच-दहा किलो घाण महिन्यातून एकदा एका ठिकाणी गोळा करायची आणि एकत्र रांजणगावला पाठवायची, हे जमणार नाही का? अंतर किती आहे? नगर रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर. मी अर्ज लिहून आणला आहे. व्याख्यान संपलं की देतो. हार-नारळ नको, पोच द्या.

त्या दोन गोण्या अजून माझ्या पडवीत आहेत. वर ताडपत्री, खाली फळी, तोंड तारेनं बांधलेलं. घरची मंडळी दर दिवाळीला साफसफाई काढतात आणि विचारतात, हे कधी जायचं? यंदाही विचारलं. मी म्हटलं, अठ्ठावीस तारखेला व्याख्यान आहे, त्यानंतर सांगतो.